माळकऱ्यानं ओसाकाला जावं का?

जपानच्या सहलींची पत्रकं पाहिली तर ओसाकाच्या वाट्याला फार तर दीड दिवस येतो. टोकियोला चार, क्योटोच्या देवळांना दोन, फुजी डोंगराला एक. आणि परतीचं विमान ओसाकाहून सुटतं म्हणून उरलासुरला वेळ ओसाकाला. त्या वेळात किल्ला, युनिव्हर्सल स्टुडिओ, दोतोनबोरीच्या पुलावर त्या धावणाऱ्या माणसाच्या जाहिरातीसमोर फोटो, आणि रात्री ‘इंडियन डिनर’. अख्ख्या जपानात खाण्यासाठी नावाजलेलं शहर, आणि तिथवर नेऊन आपल्याला पनीर बटर मसाला वाढायचा, हा प्रकार मला पहिल्यापासून खटकला. लग्नाला जायचं आणि डबा घरून न्यायचा, असं आमच्याकडे फक्त सोवळ्यातले लोक करायचे.

बारामतीहून आणलेली ही पत्रकं मी बाजूला ठेवली त्याला आणखी एक कारण होतं. माझी पुतणी पुण्यात इंजिनिअरिंग शिकता शिकता जपानी शिकली आणि आता ओसाकाजवळ नोकरी करते. तिचा फोन आला, “काका, या. आणि येताना आजीला घेऊन या.” काका-काकूंपर्यंत सगळं सरळ होतं. आजीचं नाव निघालं आणि आखणीला खरी सुरुवात झाली.

आमचं निरवांगी इंदापूर तालुक्यात, नीरेच्या काठाला. नदीपलीकडे सोलापूर जिल्हा लागतो. तुकोबांची पालखी आमच्या तालुक्यातून जाते. बेलवाडीला गोल रिंगण, पुढं निमगाव केतकी, इंदापूर, मग सराटीला पादुकांना नीरास्नान आणि तिथून पलीकडं अकलूजला. छोट्या-मोठ्या दिंड्या आडवाटांनीही जातात. त्या दिवसांत गावोगावी चुलीवर पिठल्याची पातेली चढतात आणि कोण कुठला, कोणत्या जातीचा, हे न विचारता माणूस पंगतीला बसतो. अशा मुलखात वाढलेल्या माझ्या आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. मासळी नाही, मटण नाही, अंडं नाही. एकादशीला वरी आणि शेंगदाण्याची आमटी. घरात आम्ही बाकीचे भिगवणहून उजनीची मासळी आणून खातो तेव्हा तिची चूल वेगळी असते, आणि त्याबद्दल तिनं आम्हाला कधी बोल लावलेला नाही.

तिनं एकच विचारलं, “तिथं मी काय खाऊ रं?”

प्रश्न साधा वाटतो. पण ओसाकाबद्दल जेवढं वाचत गेलो, पुतणीला विचारत गेलो, तेवढं लक्षात आलं की या शहराला नेमका हाच प्रश्न विचारायला हवा. कोण काय खातं, कुणाच्या जिवावर खातं, आणि कुणाला खायला मिळत नाही.

आधी तारखेचं सांगतो, कारण शेतकऱ्याची सहल तारखेवर अडते. ओसाकाचा सगळ्यात मोठा उत्सव तेनजिन मात्सुरी. दहाव्या शतकापासून चालत आलेला, दरवर्षी २४ आणि २५ जुलैला. पंचवीसला संध्याकाळी ओकावा नदीतून शंभरेक नावांची मिरवणूक निघते, मशाली पेटतात, वर आतषबाजी. पुतणीचा आग्रह होता की तेव्हाच या. आम्ही कालनिर्णय उघडलं. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आल्यामुळे आषाढी उशिरा पडते, ती नेमकी २५ जुलैला. आईनं कालनिर्णय मिटून खिळ्याला परत लावलं. चर्चा संपली.

मार्चच्या अखेरीस साकुराचा बहर असतो, तेव्हा अर्धं जग जपानात उतरतं आणि हॉटेलांचे दर चढतात. ऑक्टोबरात बरं असतं, पण तेव्हा कारखाने पेटायच्या तयारीत असतात. दिवाळी ८ नोव्हेंबरला, कार्तिकी २० नोव्हेंबरला. कार्तिकी झाली की चार दिवसांत निघायचं, तेव्हा ओसाकाजवळच्या मिनोच्या दरीत मेपलची पानं लालभडक झालेली असतात, असं ठरलं. अडचण एकच. आडसाली उसाची तोड नेमकी त्याच आठवड्यात आली तर? तोडीचा नंबर कारखान्याच्या हातात, टोळी मुकादमाच्या हातात, आणि विमानाचं तिकीट चार महिने आधी काढावं लागतं. भावानं सांगितलं, “तू जा, मी बघतो.” उसाच्या पट्ट्यात याहून मोठी मदत दुसरी नाही.

ओसाकाचे लोक भेटल्यावर आधी ‘धंदा कसा चाललाय’ असं विचारतात, अशी बाकीचे जपानी त्यांची थट्टा करतात. यात थट्टा करण्यासारखं काय, मला कळलं नाही. नोव्हेंबरात आमच्या पारावर भेटणारा प्रत्येक जण आधी ‘तोड आली का’ असंच विचारतो.

आता खाण्याचं. ओसाकाची दोन रूपं साऱ्या जगाला ठाऊक आहेत, ताकोयाकी आणि ओकोनोमियाकी. ताकोयाकी म्हणजे ऑक्टोपसचा तुकडा घालून केलेले गोळे. तवा पाहिला तर हुबेहूब आपलं आप्पेपात्र, फक्त लोखंडाचं आणि भलं मोठं. पिठाचा सरबरीत घोळ ओतायचा, आणि सुईसारख्या काट्यानं गोळा असा फिरवायचा की बाहेरून खरपूस आणि आत जवळजवळ पातळ राहील. हे १९३५च्या सुमारास ओसाकातल्या आइझुया नावाच्या दुकानात सुरू झालं. ओकोनोमियाकी म्हणजे ढीगभर चिरलेला कोबी पिठात नि अंड्यात कालवून तव्यावर थापलेलं जाड धिरडं. शिनसेकाई भागात कुशिकात्सु मिळतं, काडीला टोचून तळलेले मांसाचे, भाज्यांचे तुकडे. तिथल्या सॉसच्या सामाईक भांड्यात एकदा चावलेली काडी परत बुडवायची नाही, असं बजावणाऱ्या पाट्या दुकानादुकानांत वर्षानुवर्षं होत्या. कोरोनानंतर बऱ्याच ठिकाणी भांडी जाऊन बाटल्या आल्या. हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, “म्हंजे उष्टं-खरकटं पाळत्यात की.” जपानबद्दल तिचं मत त्या क्षणी सुधारलं.

सरकत्या पट्ट्यावरून बशा फिरतात ती सुशीची दुकानंही इथलीच. ओसाकाला लागून असलेल्या हिगाशी-ओसाकात योशिआकी शिराइशी या हॉटेलवाल्यानं बियरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहिल्या आणि १९५८ साली तसं दुकान काढलं. त्याच वर्षी ओसाकाशेजारच्या इकेदा गावात मोमोफुकु आंदो यांनी घरामागच्या शेडमध्ये खटपट करून झटपट नूडल तयार केले. आमच्या गावच्या किराणा दुकानात दोरीला लटकणारी नूडलची पाकिटं त्याच शेडची नातवंडं आहेत.

पण यातलं बहुतेक सगळं आईच्या कामाचं नाही. ऑक्टोपस, अंडं, डुक्कर हे दिसतं तरी. खरी गोची न दिसणाऱ्या मासळीची आहे. जपानी स्वयंपाकाचा पाया ‘दाशी’ नावाचं पाणी. समुद्रातली कोंबू नावाची वनस्पती आणि वाळवलेल्या बोनितो माशाचे कीस उकळून ते करतात. सूप, उडोन, भाजी, वरचा सॉस, सगळ्यात ते असतं. ‘नो मीट’ म्हटलं की वेटर मान डोलावतो आणि मासळीच्या पाण्यातली भाजी आणून ठेवतो. त्यात त्याची लबाडी नाही. आपल्याकडे भाजीत तेल घातलं का, असं कुणी विचारत नाही, तसंच त्याला ते वाटतं.

गंमत अशी की यातला कोंबू ओसाकाजवळ उगवत नाही. तो उत्तरेकडच्या होक्काइदोच्या थंड समुद्रातला. जुन्या काळी जहाजं जपानच्या पश्चिम किनाऱ्यानं वळसा घालून तो ओसाकाला आणायची, आणि तिथले कारागीर त्याचे पातळ काप काढून, मुरवून विकायचे. तांदूळही ओसाकाचा नव्हता. हे शहर फार काही पिकवत नव्हतं. साऱ्या देशाचं धान्य इथं येऊन पडायचं. म्हणून तर त्याला देशाचं स्वयंपाकघर म्हणायचे. इथं माझे कान टवकारले, कारण पिकवायचं एकानं आणि भाव ठरायचा दुसरीकडे, हे आम्ही रोज बघतो.

दोजिमा हे नाव कुठल्याही सहलीच्या पत्रकात नाही, पण मी जाणार आहे ते आधी तिथं. सतराव्या-अठराव्या शतकात जपानातले सरदार शेतकऱ्यांकडून सारा तांदळात घ्यायचे. तो तांदूळ नावांनी ओसाकाला यायचा आणि नदीकाठच्या कोठारांत पडायचा. कोठारवाले त्याच्या बदल्यात चिठ्ठी द्यायचे. हळूहळू तांदूळ बाजूला राहिला आणि चिठ्ठ्यांचीच खरेदी-विक्री सुरू झाली. मग जो तांदूळ अजून शेतातही उभा नाही त्याचे सौदे होऊ लागले. १७३० साली शोगुनच्या सरकारनं दोजिमाच्या या बाजाराला रीतसर मान्यता दिली. जगातला पहिला व्यवस्थित वायदेबाजार म्हणून अर्थशास्त्राची पुस्तकं याचंच नाव घेतात. मान्यता का दिली, तर तांदळाचा भाव पडला होता आणि तांदळात पगार घेणारे सामुराई हैराण झाले होते. भाव पडल्याची ओरड शेतकऱ्यानं केली असती तर सरकार इतक्या लवकर हललं असतं का, हा प्रश्न मी माझ्यापाशी ठेवतो.

बाजार बंद करायची त्यांची रीत भारी होती. एक वात पेटवून ठेवायची. ती विझली की त्या दिवसाचा भाव पक्का. तरीही सौदे थांबले नाहीत तर गर्दीवर पाणी ओतायचे. आणि ठरलेला भाव डोंगरमाथ्यांवरून झेंडे हलवून काही मिनिटांत क्योटोपर्यंत पोचवायचे. सकाळी सोलापूर नि पुण्याच्या मार्केट यार्डातला दर व्हॉट्सअपवर येतो आणि बांधावर उभा असलेला माणूस टेम्पो कुठं वळवायचा ते ठरवतो. त्याची ही अडीच-तीनशे वर्षांपूर्वीची आवृत्ती. त्या जागी आता तांदळाच्या दाण्याच्या आकाराचं एक स्मारक आहे. ओसाकाचेच वास्तुकार तादाओ आंदो यांनी ते २०१८ साली केलं. ज्यांनी तो तांदूळ पिकवला ते शेतकरी स्वतः बरेचदा जव आणि भरडधान्यावर दिवस काढायचे. त्यांचं स्मारक तिथं नाही.

भरल्या स्वयंपाकघरातही भूक असते. १८३०च्या दशकात जपानात मोठा दुष्काळ पडला. ओसाकात कोठारं भरलेली, रस्त्यावर माणसं मरत होती आणि अधिकारी तांदूळ टोकियोकडे, तेव्हाच्या एदोकडे, पाठवत होते. ओशिओ हेइहाचिरो नावाचा एक निवृत्त पोलीस अधिकारी, पुढं मास्तर झालेला, त्यानं अर्ज-विनंत्या केल्या, आपली ग्रंथसंपदा विकून गरिबांना पैसे वाटले आणि शेवटी १८३७ साली व्यापाऱ्यांच्या घरांवर हल्ला केला. बंड एका दिवसात मोडलं. लागलेल्या आगीत शहराचा मोठा भाग जळाला. दोतोनबोरीच्या झगमगाटात फोटो काढणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. सांगायला हवं, असं माझं मत आहे.

दुसरी भूक युद्धाची. मार्च १९४५च्या हवाई हल्ल्यात ओसाका होरपळलं. युद्ध संपलं तेव्हा तांदूळ नव्हता. अमेरिकेतून आलेलं गव्हाचं पीठ होतं. नूडलवाल्या मोमोफुकु आंदोंनी ओसाकातल्या उमेदाच्या काळ्या बाजारात नूडलच्या गाड्यासमोर थंडीत रांगा लावून उभी असलेली माणसं पाहिली होती. झटपट नूडलची कल्पना त्या रांगेतली. पीठ, कोबी, मिळेल तो तुकडा, असं तव्यावर भाजून लोकांनी पोट भरलं आणि ओकोनोमियाकी घराघरात, गल्लीगल्लीत पोचलं. मदतीचं पीठ त्यांनी आपल्या चवीत असं मुरवलं की आज त्यासाठी जग विमानानं येतं.

यावर आई जे बोलली ते मला महत्त्वाचं वाटतं. १९७२च्या दुष्काळात ती नवी नवरी होती. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, आणि परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी थापल्या. “त्या भाकरीला चव नव्हती, वाससुद्धा वंगाळ यायचा,” ती म्हणाली, “पाऊस झाला नि आमी ती इसारलो.” आमच्या भागात मिलोचा एकही पदार्थ उरला नाही, सुकडीही शाळेतून, अंगणवाडीतून निघून गेली. भुकेच्या दिवसांतलं अन्न आपल्याकडे लाजेचं ठरतं. हुलग्याचं माडगं पाहुण्यांसमोर कुणी ठेवत नाही. ओसाकानं ते तव्यावर, रस्त्यावर, सगळ्यांसमोर ठेवलं. मला वाटतं, त्यांच्या खाद्यप्रेमाचं मूळ यात आहे, आणि तिथल्या एखाद्या धिरड्यासमोर बसताना हे माहीत असलेलं बरं.

ओसाकाचा नि आपला संबंध काल-परवाचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ओसाकात सूतगिरण्यांची धुराडी इतकी झाली की त्याला पूर्वेचं मँचेस्टर म्हणू लागले. त्या गिरण्यांना कापूस हवा होता, तो मुंबई बंदरातून जायचा आणि वाहतुकीवर पी. अँड ओ. या ब्रिटिश कंपनीचं वर्चस्व होतं. १८९३ साली जमशेटजी टाटांनी जपानच्या निप्पॉन युसेन कंपनीशी हात मिळवून मुंबई-कोबे अशी स्वतःची जहाजं सुरू केली. ब्रिटिश कंपनीनं भाडं इतकं पाडलं की टाटांना माघार घ्यावी लागली. जपानी कंपनी मात्र टिकली. त्याच वर्षी शिकागोला निघालेले विवेकानंद कोबेला बोटीतून उतरून ओसाका, क्योटो पाहत पुढं गेले होते. पुढं उलटं झालं. जपानी कापड आपल्या बाजारात स्वस्त येऊ लागलं, १९३३ला इथल्या सरकारनं जबर जकात बसवली, तिथल्या गिरण्यांनी आपला कापूस घ्यायचा बंद केला आणि १९३४ला करार होऊन भांडण मिटलं. या भांडणात विदर्भ-खानदेशच्या कापूसवाल्याचं काय झालं असेल, याचा अंदाज उसाच्या दरासाठी रस्त्यावर बसलेल्या कुणालाही करता येईल.

टाटांचा तो डाव मोडला, पण ब्रिटिश जहाज कंपन्यांशी पुन्हा भिडणारा माणूस आमच्या शिवाराशी जोडलेला निघाला. सोलापूरचे वालचंद हिराचंद. त्यांच्या सिंदिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ जहाज १९१९ साली मुंबईहून लंडनला गेलं, आणि त्यांनीच नंतर निरवांगीजवळच्या कळंबच्या माळावर ऊस लावून, साखर कारखाना काढून वालचंदनगर उभं केलं. लहानपणी कारखान्याचा भोंगा आम्हाला घड्याळाच्या जागी होता. जहाजवाल्याचं गाव समुद्रापासून इतकं लांब कसं, हे कोडं मला बऱ्याच उशिरा सुटलं.

बरं, आईच्या प्रश्नाचं उत्तर. ते ओसाकात मिळालं नाही. ओसाकाच्या नाम्बा स्थानकातून नानकाई रेल्वेनं दीडेक तास दक्षिणेला गेलं की डोंगर लागतो, शेवटी केबलकारनं वर चढायचं. वर कोयासान. नवव्या शतकात, ८१६ साली, कुकाइ नावाच्या बौद्ध आचार्यांनी तिथं मठ स्थापला. आज शंभरावर मंदिरं आहेत, त्यातल्या पन्नासेक मंदिरांत यात्रेकरूंना मुक्काम करता येतो, आणि मुक्कामात जे जेवण मिळतं त्याला शोजिन र्‍योरी म्हणतात. मांस नाही, मासळी नाही, अंडं नाही, इतकंच काय कांदा-लसूणही नाही. दाशी करायची ती कोंबूची किंवा शिताके अळिंबीची. तिळाचं टोफू, गोठवून वाळवलेलं कोयाचं टोफू, मुरवलेल्या भाज्या, भात. पुतणीनं ताटाचा फोटो पाठवला तेव्हा आई म्हणाली, “ह्ये चातुर्मासाचं जेवण हाय की.” बाराशे वर्षांची माळकऱ्यांची खानावळ ओसाकापासून दीड तासावर आहे आणि मी पाहिलेल्या पत्रकांतली एकही सहल तिथं थांबत नाही!

कोयासानचं एक आणखी आहे. तिथल्या श्रद्धेप्रमाणे कुकाइ गेलेलेच नाहीत. ओकुनोइनच्या समाधीत ते ध्यानस्थ बसले आहेत. त्यांना रोज दोन वेळा जेवण नेलं जातं, लाकडी पेटीत घालून, भिक्षूंच्या खांद्यावरून. नैवेद्य म्हणजे काय हे ज्याला समजावून सांगावं लागत नाही अशा माणसाला हे पाहताना काय वाटेल, ते मला आईच्या तोंडून ऐकायचं आहे. त्याच कुकाइंच्या नावानं शिकोकू बेटावर अठ्ठ्याऐंशी मंदिरांची पायी यात्रा चालते आणि वाटेतले गावकरी यात्रेकरूंना खाऊ-पिऊ घालतात, पैसे घेत नाहीत. हे ऐकल्यावर ती बराच वेळ पुतणीशी फोनवर बोलत होती. तिथं चूल कशी पेटवतात, भात कुठला, हेच सारं.

पूर्वी बायकांना कोयासानच्या आवारात प्रवेश नव्हता. त्या डोंगराच्या कडेकडेनं फिरून, बाहेरच्या न्योनिनदो नावाच्या देवळात हात जोडून परत जायच्या. १८७२ साली कायद्यानं बंदी उठली, व्यवहारात आणखी बरीच वर्षं गेली. हे कळल्यावर आईचं जायचं पक्कं झालं. कारण तिनं सांगितलं नाही.

आणि तिथल्या कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. सप्टेंबर २०१५मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याचं अनावरण केलं. कोयासान वाकायामा प्रांतात येतं आणि महाराष्ट्रानं या प्रांताशी २०१३ सालीच सहकार्याचा करार केलेला आहे. करार होतात, पाट्या लागतात, मंत्री जाऊन येतात. माणसं जात नाहीत, कारण सहलीच्या गाडीला तिकडं वळायला वेळ नसतो.

बाकीची तयारी आटोपशीर सांगतो. पुण्याहून ओसाकाला थेट विमान नाही. मुंबईहून बँकॉक, सिंगापूर किंवा हाँगकाँगमार्गे जावं लागतं. उतरायचं ते समुद्रात भराव टाकून केलेल्या बेटावरच्या विमानतळावर. १९९४ला तो विमानतळ सुरू झाला तेव्हापासून बेट हळूहळू खचतंय आणि इंजिनिअर ते सांभाळताहेत. घड्याळ साडेतीन तास पुढं. व्हिसा साधा, कागदं मात्र नीट हवीत, आणि बँकेच्या खात्यातली उलाढाल दाखवावी लागते. उसाचं पेमेंट एकदम जमा होतं आणि मग महिनोन् महिने खातं शांत असतं, हे कागदावर समजावणं जरा कठीण. आंबा, डाळिंब, मिरच्या, कढीपत्ता पिशवीत घालायचा नाही, ताजी फळं-भाज्या तपासणीच्या दाखल्याशिवाय तिथं चालत नाहीत. आपल्या हापूस-केसरला जपाननं वीस वर्षं दार बंद ठेवलं होतं, फळमाशीच्या भीतीनं. वाफेची प्रक्रिया करून देऊ म्हटल्यावर २००६ साली उघडलं. ज्या देशानं आंब्याच्या पेटीला ताटकळत ठेवलं तो आईच्या पिशवीतल्या लिंबाला सोडणार नाही. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडं उभं राहतात, ओसाकात उजवीकडं, एवढंही लक्षात ठेवायचं आहे.

शहरात काय पाहायचं ते कमी केलं. किल्ला बाहेरून. हिदेयोशी नावाच्या सेनानीनं १५८३ला बांधायला घेतलेला तो किल्ला कधीच गेला, आताचा मनोरा १९३१चा, सिमेंट काँक्रीटचा, आत लिफ्ट आहे. रायगड चढलेल्या माणसाला त्यासाठी अर्धा दिवस घालवायचं कारण नाही. दोतोनबोरी मात्र संध्याकाळी, आणि तीही कालवा म्हणून. यासुई दोतोन नावाच्या माणसानं १६१२च्या सुमारास तो खणायला घेतला, ओसाकाच्या लढाईत तो मेला, नातलगांनी १६१५ला काम पुरं केलं आणि कालव्याला त्याचं नाव पडलं. नीरेच्या डाव्या कालव्याच्या आवर्तनाची वाट पाहण्यात आमची हयात गेली. एका माणसाच्या नावानं चारशे वर्षं वाहणारा कालवा बघायला मला आवडेल. तिथून दोन पावलांवर होझेनजी नावाचं लहानसं देऊळ आहे. तिथल्या मूर्तीवर येणारा-जाणारा पाणी घालतो आणि मूर्ती पुरती शेवाळानं झाकून गेली आहे. तिथं आईला कुणी काही समजावून सांगायची गरज पडणार नाही.

मिनोच्या दरीत मेपलची पानं मिठात मुरवून, गोड पिठात बुडवून तळतात. ते तिला चालेल. पुतणीच्या घरी ताकोयाकीचा तवा आहे, ओसाकातल्या बहुतेक घरांत असतो. त्यात आई आप्पे करणार आहे, रवा-डाळ कोबेच्या भारतीय दुकानातून येईल. मी आणि बायको मात्र रस्त्यावर उभं राहून ऑक्टोपस खाणार आहोत. एकाच घरात दोन चुली चालतात तर एका सहलीतही चालतील.

तेव्हा माळकऱ्यानं ओसाकाला जरूर जावं. सहल कंपनीनं दिलेला दीड दिवस नाकारावा, किमान चार दिवस मागावेत आणि त्यातली एक रात्र कोयासानला काढावी. तिथल्या खोल्या नोव्हेंबरात लवकर भरतात. आरक्षण करतानाच ‘मासळीचं पाणीसुद्धा नको’ असं जपानीत लिहून घेतलेला कागद जवळ ठेवा, ओसाकात प्रत्येक दुकानदाराला तो आधी दाखवा, आणि नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा. दुकानं पुष्कळ आहेत.